शांतासाठी सांगितलेली कादंबरी

प्रा. पद्मजा मगदूम बाईंची आणि माझी ओळख एका कुलपामुळे झाली. बेळगावच्या ज्या कॉलेजात बाई तत्त्वज्ञान शिकवायला नव्याने रुजू झाल्या, तिथे मी शिपाई होतो. संध्याकाळी वर्ग बंद करायचे काम माझे. मी मुळात घाबरट माणूस. कुलूप लावले तरी ते लागले की नाही ही शंका मला जिन्यातून परत फिरवते. मी जातो, कुलूप ओढून बघतो आणि मगच घरी निघतो. त्या दिवशी असाच परत गेलो, कुलूप ओढले, तर आतून आवाज आला, "कोण आहे? जरा उघडता का?"

मी घाईघाईने कुलूप काढले. दार उघडले तर बाई खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर पुस्तक घेऊन बसलेल्या. कुलूप परत परत ओढणाऱ्या मला आत कोणी आहे का ते बघायचे सुचले नव्हते. नवीन बाई आहेत, प्रिन्सिपॉल साहेबांकडे जातील, माझी नोकरी जाईल, इथपर्यंत माझा विचार दारातच पोचला.

"बाई, चुकलं," मी म्हणालो. "आत कोण न्हाय असं वाटलं."

बाई पानात बोट घालून उठल्या. "मलाही आत कोणी आहे असं वाटत नव्हतं. पुस्तकात होते मी. पण तुम्ही परत कसे आलात?"

"कुलूप बघायला."

"रोज बघता?"

"व्हय. सवय हाय."

"मग उद्यापासून एकदा आतनं बघा आणि एकदा बाहेरनं," असे म्हणून त्या हसल्या आणि निघून गेल्या. ही गोष्ट त्यांनी कॉलेजात कुणालाही सांगितली नाही. मीच पुढे दहा जणांना सांगितली.

बाईंच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मीही लिहावे, असे सत्कार समितीच्या मंडळींनी सांगितले, तेव्हा मी नको म्हणालो. बाईंच्या ग्रंथांबद्दल लिहायला मोठी मोठी माणसे आहेत. मी सातवी पास झालेलो, तेही जेमतेम. माझे लिखाण प्राध्यापकांच्या लेखांशेजारी छापले तर लोक हसतील, आणि न छापले तर मला वाईट वाटेल, अशी दोन्हीकडून काळजी. पण बाईंनी केलेले एक मोठे काम असे आहे की ते छापलेले नाही, त्याचा कागद नाही, आणि ते माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. म्हणून लिहितो.

त्या कामाकडे येण्याआधी बाईंची एक पद्धत सांगायला हवी. लिहिलेले वाक्य दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय बाई ते पक्के धरत नाहीत. कॉलेजात असताना त्या हातात कागद घेऊन व्हरांड्यात यायच्या आणि जो समोर दिसेल त्याला थांबवायच्या. कधी क्लार्क, कधी कँटीनवाला, पुष्कळदा मी. वाक्य वाचायचे आणि विचारायचे, "कळलं?" आपण आदराने "कळलं" म्हणालो की लगेच, "काय कळलं?" तिथे आमची पंचाईत. कँटीनवाला तर त्यांना लांबून बघूनच ओरडायचा, "बाई, आज कायबी कळणार न्हाय, दूध उतू चाललंय!" हळूहळू आम्ही सगळे शिकलो की बाईंच्या पुढे न कळलेले न कळले म्हणायचे. त्याचा त्यांना राग येत नसे. त्या तिथेच भिंतीला कागद टेकवून वाक्य बदलत आणि पुन्हा वाचत. मोठा विचार साध्या माणसाच्या कानावरून जाऊ द्यायचा, ही त्यांची शिस्त मी दुसऱ्या कुणाकडे पाहिली नाही.

त्यांचे दुसरे मोठेपण भाषेच्या बाबतीतले. आपल्या भागात भाषा हा विषय कसा आहे ते वाचकांना सांगायला नको. बाई निपाणीच्या जैन घरातल्या, आजोळ चिकोडीकडचे. मराठी आणि कानडी दोन्ही त्यांच्या तोंडात लहानपणापासून. एकदा कॉलेजात सूचना कुठल्या भाषेत लावायची यावरून पोरांची भांडणे लागली आणि फळ्यावरचे कागद फाडले जाऊ लागले. साहेब घाबरून केबिनमध्ये बसले. बाईंनी स्वतःच्या हाताने दोन्ही भाषांत सूचना लिहिली आणि लावली. ती फाडली गेली. त्यांनी पुन्हा लिहिली. तीही गेली. तिसऱ्या वेळी फाडणारी पोरे समोरच उभी होती. बाई त्यांना म्हणाल्या, "फाडा रे. माझं अक्षर सुधारायला लागलंय." एक पोरगा हसला, मग सगळेच हसले, आणि तो कागद महिनाभर टिकला.

एका व्याख्यानात कुणीतरी त्यांना उभे राहून विचारले, "बाई, एकदा स्पष्ट सांगा. तुम्ही मराठीच्या की कानडीच्या?" बाई म्हणाल्या, "माझी आई चिकोडीची, वडील निपाणीचे. त्या दोघांनी मला न विचारता लग्न केलं. आता तुम्हीच सांगा, मी कुणाला सोडू?"

मी स्वतः सीमाप्रश्नाच्या मोर्च्याला जाणारा माणूस आहे. बेळगावजवळच्या कंग्राळीतले आमचे घर त्यात पहिल्यापासून होते. हा भाग महाराष्ट्रात जावा ही माझी इच्छा आजही आहे आणि बाईंना ती ठाऊक आहे. मोर्च्याच्या दिवशी रजेचा अर्ज घेऊन गेलो की त्या एवढेच म्हणायच्या, "टोपी घ्या, ऊन लागेल." त्या मला कधी चेष्टेने बोलल्या नाहीत आणि त्यांनी कधी उपदेशही केला नाही. बसच्या तिकिटापुरते आणि कचेरीतल्या भांडणापुरते कानडी मला येते. घरात मात्र मराठीच. माझी बायको शांता घटप्रभेकडच्या खेड्यातली, कानडी घरातली. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीचा गंध नव्हता. आमच्या घरात आलेल्या सुना वर्षभरात मराठी बोलू लागतात, तशी तीही बोलू लागली. इतकी की पुढे भाजी विकायला बसली तर तिची मराठी ऐकून कुणी तिला परगावची म्हणत नसे.

निवृत्तीनंतर बाई टिळकवाडीतल्या घरी लिहीत बसायच्या. मी शेतातली भाजी द्यायला जात असे. त्या वेळी त्यांनी एक चेक कादंबरी मराठीत आणायला घेतली होती. इंग्रजीतून आणत होत्या, पण मूळ भाषेतले शब्दही कोश लावून तपासत. त्यांचे यजमान वकील होते. ते असेपर्यंत रोज दुपारी बाई त्यांना भाषांतर वाचून दाखवत आणि ते डोळे मिटून ऐकत. ते गेल्यावर काम थांबले. टेबलावर कागद तसेच, वर चष्म्याचे घर ठेवलेले. मी विचारले की त्या म्हणत, "वाचून दाखवायला कोणी नाही, मारुतीराव. मनातल्या मनात सगळीच वाक्यं बरी वाटतात."

त्यानंतर शांता आजारी पडली. एका सकाळी चुलीपुढून उठताना कलंडली. उजवा हात आणि पाय गेले, तोंड थोडे वाकडे झाले. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा जीव वाचला म्हणून आम्ही नारळ फोडला. पण ती बोलू लागली ती कानडीत. मराठी एक शब्द नाही. मी मराठीत बोललो की ती माझ्या तोंडाकडे नुसती बघत राही. डॉक्टर म्हणाले, अशा आजारात कधी कधी नंतर शिकलेली भाषा जाते आणि आईची भाषा राहते. परत येईल का? येईल, न येईल.

पाणी मागितले, भूक लागली, एवढे मला कळत होते. पण ती पडल्या पडल्या भराभरा आणि अडखळत काहीबाही बोले, ते मला उमगत नसे. त्यात तिच्या अव्वाचे, म्हणजे आईचे, नाव येई, म्हशीचे नाव येई, विहिरीचे नाव येई. माझे नाव येत नसे. मला एकच भीती बसली. ही लग्नाआधीच्या घरी परत गेली. तिथे मी नव्हतोच. मग आता मी पाणी पाजतो, कूस बदलतो, तो कोण म्हणून? ती मला ओळखते की कुणी दवाखान्यातला माणूस समजते? मुलगा पुण्याहून फोन करायचा, "आबा, आई कशी हाय?" मी म्हणायचो, "बरी हाय." ही भीती मी त्यालाही सांगितली नाही. टिळकवाडीला जाणेही सोडले.

भाजी येत नाही म्हणून बाई एक दिवस रिक्षा करून कंग्राळीला आल्या. गुडघे दुखत असताना, आमच्या खड्ड्यांच्या रस्त्याने. मी म्हणालो, "बाई, कशाला आलासा? पडला असता म्हंजे?" त्या म्हणाल्या, "पडले असते तर तुम्ही होता की उचलायला." मग त्या शांताजवळ बसल्या आणि तिच्याशी कानडीत बोलल्या. इतक्या दिवसांनी शांताला कुणीतरी पूर्ण वाक्याने उत्तर देत होते. तिचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही.

बाहेर आल्यावर मी माझी भीती बाईंना सांगितली. "ती मला ओळखती का, एवढं विचारून सांगा."

"विचारीन," असे काही त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "मला ऐकणारं माणूस पाहिजे, मारुतीराव. मी बुधवारी आणि शनिवारी येईन. ती कादंबरी तुम्हाला वाचून दाखवीन."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळलं नाही तर तेच सांगा. तुम्हाला सवय आहे."

अशी ती चेक कादंबरी आमच्या घरात आली. तिच्यातल्या माणसांची नावे मला आजही उच्चारता येत नाहीत. एक भूगोलाचा मास्तर आणि त्याची बायको, जी पावाच्या भट्टीत काम करते. मास्तर सरकारविरुद्धच्या एका कागदावर सही करतो. सरकार बायकोला सांगते, नवऱ्याला सोड, नाहीतर नोकरी जाईल, मुलीची शाळा जाईल. मग दोघे ठरवतात, कागदावर घटस्फोट घ्यायचा आणि मनात नाही. तो दुसरीकडे खोली घेतो. लोकांसमोर ते अनोळखी माणसांसारखे वागतात. आणि कादंबरी तिथून विचारायला लागते की खोटे म्हणून केलेली गोष्ट रोज रोज केली की ती खरी होते का? माणूस परका असल्याचे सोंग किती दिवस करू शकतो? त्यात पानेच्या पाने विचार आहेत. काही ठिकाणी मला झोप यायची आणि मी तसे सांगायचो. बाई ते पान बाजूला ठेवून नंतर सुधारत.

पहिल्याच दिवशी बाई मला वाचून दाखवत असताना शांताने पडल्या पडल्या काहीतरी म्हटले. बाई मला म्हणाल्या, "त्या म्हणतायत, त्यांनाच का सांगता, मला का नाही?" आणि त्यांनी तो सगळा भाग तोंडाने कानडीत सांगितला. शांताला शाळा माहीत नाही. म्हणून मास्तराच्या गावची नदी घटप्रभेसारखी झाली, बर्फ म्हणजे काय ते बाईंनी हात चोळून दाखवले. पण विचार एकही गाळला नाही. त्या दिवसापासून तीच रीत पडली. एक परिच्छेद मला मराठीत, तोच शांताला कानडीत. शांताने तिच्या कानडीत त्या दोघांची नावे मास्तर आणि पाववाली अशा अर्थाची ठेवली आणि बाई आल्या की आधी विचारायची, मास्तर जेवला का?

मला थोडा मत्सरही वाटे. पुष्कळदा बाई आधी तिला सांगत, मग मला. ती हसायची आणि ती का हसली म्हणून मी ताटकळत बसायचो.

असाच एक दिवस. कादंबरीत मास्तर कितीतरी महिन्यांनी चोरून घरी येतो. पाववाली त्याला जेवायला वाढते. दोघांनाही काय बोलावे ते सुचत नाही, कारण अनोळखी वागायची सवय लागलेली. तो जेवत नाही, नुसता चमचा ताटावर वाजवत राहतो. बाईंनी हे शांताला कानडीत सांगितले. शांताने डाव्या हाताने माझ्याकडे बोट केले आणि काहीतरी बोलली. बाई एकदम मोठ्याने हसल्या, चष्मा काढून डोळे पुसू लागल्या.

"काय म्हणाली, बाई?"

"मी सांगणार नाही."

"असं काय करतासा? माझ्याकडं बोट केलं तिनं."

"तुमच्याबद्दलच बोलल्या. म्हणून तर सांगणार नाही. त्यांना विचारा."

"मला कुठं येतंय तसलं कानडी?"

"कंडक्टरशी भांडायचं येतं ना? मग बायकोशीही येईल," असे म्हणून बाई उठून अंगणात गेल्या. खरेच गेल्या. इतके दिवस दुसऱ्याचे बोलणे आपल्या भाषेत आणून देणाऱ्या बाईंनी त्या दिवशी चार शब्द आणून द्यायला साफ नकार दिला.

मी शांताजवळ सरकलो. घरात मी कानडी कधी बोललो नव्हतो, त्यामुळे चोरी केल्यासारखे वाटत होते. म्हणालो, "एन अंदी?" म्हणजे, काय म्हणालीस? ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटले संपले. मग ती बोलली. मला कळले नाही. मी पुन्हा विचारले. ती आणखी सावकाश बोलली, लहान पोराला सांगावे तशी. अर्धे कळले. तिसऱ्यांदा तिने कपाळाला हात लावला आणि एकेक शब्द तोडून सांगितला. ती म्हणत होती, "ह्यांचंही असंच. भूक लागली तर तोंडानं सांगत नाहीत. भांडी वाजवतात."

ही माझीच खोड. लग्नापासूनची. अव्वाच्या घरी, म्हशीच्या गोठ्याजवळ ती कुणाला माहीत असणार? ती फक्त शांताला माहीत. म्हणजे ती मला ओळखत होती. पहिल्या दिवसापासून ओळखत होती. नुसती भाषा गेली होती, मी गेलो नव्हतो. मी रडायला लागलो तर ती घाबरली आणि कानडीत म्हणाली, "भूक लागली काय?"

बाई अंगणातून ओरडल्या, "कळलं?"

मी म्हणालो, "कळलं."

"काय कळलं?"

त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या प्रश्नाचे उत्तर देता आले. पण ते न देता मी डोळे पुसत चहा ठेवायला उठलो, आणि बाईंनीही पुन्हा विचारले नाही.

तेव्हापासून मी शांताशी कानडीत बोलतो. चुका भरपूर होतात. ती हसते, दुरुस्त करते, कधी चिडते आणि म्हणते, तुमच्यापेक्षा ती पाववाली बरी बोलते. तिच्या लहानपणीच्या कितीतरी गोष्टी मला या वयात कळल्या. मराठीचे दोन-चार शब्द तिला परत आले आहेत. डॉक्टर समाधानी आहेत. मला मात्र रोज सकाळी ती उठेपर्यंत काळजी असते, ही काळजी काही जाणार नाही.

बाईंची कादंबरी मराठीत लवकरच छापून येत आहे. प्रस्तावनेत आपल्या सीमाभागाचे नाव घालावे, म्हणजे पुस्तकाला वजन येईल, असा काही मंडळींचा आग्रह होता. बाई म्हणाल्या, "ज्याला दिसायचं त्याला ते न सांगता दिसेल. त्या दोघांच्या जेवणात मी कशाला भाषण करू?" मलाही तो आग्रह पटला होता, हे मी लपवत नाही. पण बाईंचे म्हणणेही कुठेतरी पटले.

आणि कानडीत? दर बुधवारी आणि शनिवारी, मधे आजारपणे आणि पावसाळे सोडून, बाईंनी ती सबंध कादंबरी शांताला कानडीत सांगितली. लिहिली नाही. मी म्हणालो, "बाई, मुलगा मोबाईलवर रेकॉर्ड करून देतो म्हणतोय. वाया जायला नको." बाई म्हणाल्या, "वाया कुठं जातंय? शांताक्का ऐकतायत की. ते त्यांच्यापुरतं आहे. छापायचं म्हटलं की मी वेगळं सांगायला लागेन." विद्वान माणसे आपला शब्द जपून ठेवतात. बाईंनी एक आख्खे पुस्तक एका अंथरुणावरच्या बाईला देऊन टाकले. मोठी माणसे या ग्रंथात बाईंच्या ग्रंथांची यादी देतील, तेव्हा हे एक त्यात नसेल, म्हणून मी लिहून ठेवले.

बाईंच्या स्वभावाला दोष नाहीत असे नाही. त्या कुणाचे ऐकत नाहीत. डोळ्याचे ऑपरेशन झाल्यावर आठवडाभर वाचू नका म्हटले, तर चौथ्या दिवशी आमच्या दारात रिक्षा. चहात साखर घेऊ नका म्हणून त्यांची मुलगी सांगते, आणि आमच्याकडे येऊन शांताकडून त्या जास्त साखरेचा हुकूम काढून घेतात. मी काळजीने बोललो तर म्हणतात, "मारुतीराव, तुम्ही कुलपं बघा, मला नका बघू." हे सगळे त्यांच्या मुलीच्या वाचनात येईल याची मला थोडी भीती आहे.

हा लेख लिहून झाल्यावर मी शांताला कानडीत सांगितले की बाईंचा मोठा सत्कार आहे, त्यांना पंचाहत्तर पूर्ण होतायत, तर तुझ्याकडून काय लिहू? तिने बराच विचार केला. मग सांगितले, ते मी मराठीत आणले आहे. माझ्या आयुष्यातले हे पहिलेच भाषांतर. बाईंनी ते तपासलेले नाही, तेव्हा चूक असल्यास ती माझी.

शांता म्हणते, "अक्का, तुम्हाला देवानं भरपूर आयुष्य द्यावं. गुडघे द्यावेत, डोळे द्यावेत. आतापर्यंत तुम्ही आलात की हे तुमची खुर्ची आमच्या दोघांच्या मधे ठेवायचे, कारण आम्हाला एकमेकांचं कळत नव्हतं. आता कळतं. आता या, आणि माझ्या शेजारी बसा. चहा ह्यांना करू दे."